बांधावरून : आधी माळाची नाडी पाहा, मग औषध द्या



मागच्या अंकात आपण भातावरील करप्याचा विचार केला. आता इंद्रायणी निसवू लागली आहे आणि हातात चार दिवसांची उसंत आहे. त्या उसंतीत आज बांधाच्या पलीकडे पाहू. सातबाऱ्यावर जिला आपण पोटखराब किंवा पड म्हणतो आणि गावाच्या दप्तरी जी गायरान म्हणून असते, त्या जमिनीविषयी आज लिहीत आहे.

निमित्त असे घडले. गेल्या आठवड्यात कापूरहोळच्या फाट्यावर एस. टी.ची वाट पाहत उभा होतो. महामार्गाच्या पूर्व अंगाच्या एका गावचे दोन शेतकरी भेटले. चहा सांगितला आणि त्यांतले थोरले म्हणाले, "साहेब, आमच्या गायरानात लावायला फुकट रोपं मिळत्यात. खड्डंबी तेच मारून देणार. दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठराव करायचा का न्हाई, तुमीच सांगा."

फुकट रोपांना नको कोण म्हणेल? पण मी लगेच हो म्हणू शकलो नाही. माझ्या पदरी एक जुनी चूक आहे. ती आधी सांगतो.

माझी चूक

बी. एस्सी. (कृषी) होऊन मी नोकरीत नवा होतो. १९९७ सालची गोष्ट. एका गावच्या गायरानात चाळीसेक एकरांवर समतल चर खोदून झाडे लावायचे काम आले. माळ उघडाबोडका दिसत होता. मे महिन्यात कोणता माळ हिरवा असतो? मी उत्साहाने आखणी केली. चरांच्या भरावावर सुबाभूळ आणि गिरिपुष्प लावले.

काम चालू असताना शेळ्या राखणारी एक म्हातारी दोन दिवस नुसती बघत बसली होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "साहेब, झाडं लावताय ते बेस. पण गवत कुठं लावणार?" मी हसलो. गवत काय, आपोआप येते, असे मला वाटले.

पुढच्या तीन-चार वर्षांत काय झाले ते ऐका. निम्मी झाडे उन्हाने मेली. जगली ती काठीसारखी राहिली. चर खोदताना पवन्याचे आणि डोंगरी गवताचे जुने ठोंब उपटून निघाले होते, ते परत आले नाहीत. उकरलेल्या मुरुमावर आधी तरोटा आला, मग घाणेरी आली. त्या गावात दरवर्षी दसऱ्यानंतर गायरानातल्या गवताचा लिलाव होई. त्या पैशातून देवळाची डागडुजी आणि शाळेची कौले होत. तो लिलाव बंद पडला. ज्यांना एक गुंठाही जमीन नाही, अशा घरांच्या शेळ्या आणि एखादी गाय त्या माळावर जगत होती. त्यांना चारा विकत घ्यायची पाळी आली. त्यांतल्या बऱ्याच जणांनी जनावरे विकली.

चर खोदणे वाईट, झाडे लावणे वाईट, असे मी म्हणत नाही. उघड्या पडलेल्या उतारावर समतल चरांनी अनेक गावांच्या विहिरींना पाणी आणले आहे. मी रोगी न तपासताच औषध दिले, ही माझी चूक.

एका फाट्यावर दोन तऱ्हेची जमीन

कापूरहोळच्या फाट्यावर उभे राहा. पश्चिमेकडे भोरचा रस्ता जातो. त्या बाजूला भाटघर, त्यापलीकडे राजगड, तोरणा आणि वेल्ह्याचे डोंगर. घाटमाथ्याजवळ शंभर इंचांहून जास्त पाऊस पडतो. पूर्वेकडे नारायणपूरवरून सासवडचा रस्ता जातो. जसजसे पुरंदर ओलांडून पुढे जाल तसतसा पाऊस उतरत जातो, भात संपतो आणि बाजरी-ज्वारी लागते. मावळ संपून देश सुरू होतो तो याच पट्ट्यात.

आता या दोन्ही बाजूंना मूळचे रान कोणते होते? पश्चिमेला त्याची साक्ष देवराया देतात. भोर-वेल्ह्यातल्या कितीतरी गावांत देवाच्या नावाने राखलेली दाट राई अजून उभी आहे. आंबा, जांभूळ, हिरडा, बेहडा, अंजनी आणि त्यांवर चढलेले जाड वेल. १९७० च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या शास्त्रज्ञांनी पश्चिम घाटातल्या अशा देवरायांचा अभ्यास करून त्यांचे मोल जगापुढे मांडले. देवराईच्या भोवतालचा डोंगर बोडका असेल, तर तिथले जंगल गेले असे समजायला जागा आहे. तिथे देशी झाडे परत आणणे रास्त.

पूर्वेकडे मात्र तसे नाही. तिथला माळ हा तुटलेल्या जंगलाचा उरलेला भाग आहे, असे आपण शाळेपासून ऐकत आलो. २०२५ साली आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या संशोधकांनी तेराव्या शतकापासूनच्या मराठी वाङ्मयातील रानांचे आणि झाडांचे उल्लेख तपासून दाखवले, की पश्चिम महाराष्ट्रातील गवताळ राने आणि त्यांतली विरळ काटेरी झाडे काही आजकालची नाहीत. ती निदान सातशे वर्षांपासून अशीच आहेत. म्हणजे बोर, बाभूळ, खैर, पळस अधूनमधून आणि खाली गवत, हेच त्या जमिनीचे खरे रूप. त्याला ओसाड म्हणणे म्हणजे बाजरीच्या शेताला 'ऊस न आलेले शेत' म्हणण्यासारखे आहे.

म्हणून दोन्ही बाजूंना एकच औषध चालणार नाही.

कोसळणे म्हणजे काय?

जमीन, पाणी, गवत, झाडे, जनावरे, किडामुंगी यांचा एकमेकांच्या आधाराने जो संसार चालतो, त्याला शास्त्रात परिसंस्था म्हणतात. देवराई ही एक परिसंस्था, माळ ही दुसरी. हा संसार मोडला की परिसंस्था कोसळली असे म्हणतात. कोसळली म्हणजे जमीन नाहीशी झाली असे नव्हे. गोठा उभा असतो, गव्हाण असते, दावी असतात; पण जनावर नसते. तसेच हे.

मध्य आशियातील अरल समुद्राचे उदाहरण जगभर दिले जाते. हे प्रचंड खाऱ्या पाण्याचे सरोवर होते. १९६० नंतर त्यात येणाऱ्या दोन मोठ्या नद्यांचे पाणी कापसाच्या शेतीकडे वळवले गेले. सरोवर आटत गेले, पाणी फार खारट झाले, मासे गेले, मासेमारीची गावे बसली आणि बोटी वाळूत उभ्या राहिल्या. तळ आहे, पण समुद्राचा संसार गेला.

कोणती परिसंस्था धोक्यात आहे हे ठरवायला आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने एक पट्टी तयार केली आहे. २०१४ साली ती जगासाठी अधिकृत झाली. प्राण्यांची जशी 'लाल यादी' असते, तशी ही परिसंस्थांची लाल यादी. तिच्यात पाच प्रश्न आहेत. ते मोठमोठ्या प्रदेशांसाठी केलेले आहेत. पण त्यांतला विचार आपल्या गायरानालाही लावता येतो.

पाच प्रश्न

पहिला प्रश्न : किती घटले? गेल्या ५० वर्षांत क्षेत्र ३० टक्के किंवा जास्त घटले तर परिसंस्था 'असुरक्षित', ५० टक्के घटले तर 'संकटग्रस्त', ८० टक्के घटले तर 'अतिसंकटग्रस्त'. समजा, आजोबांच्या आठवणीत गावचा माळ १०० एकर होता. रस्ता, खाण, प्लॉट, अतिक्रमण यांत जाऊन आता ४५ एकर उरला. म्हणजे ५५ टक्के गेला. पहिल्याच प्रश्नात माळ संकटग्रस्त ठरला.

दुसरा प्रश्न : उरले ते किती थोडक्यात आहे? सगळे एकाच कोपऱ्यात उरले असेल तर एक वणवा किंवा एक खाण पुरते. आपल्याच जिल्ह्यात बारामती तालुक्यात सुप्याजवळ चिंकारा हरणांसाठी १९९७ साली मयूरेश्वर अभयारण्य झाले. ते जेमतेम पाच चौरस किलोमीटर आहे. राखले हे उत्तमच. पण तेवढ्यावरच सारी भिस्त ठेवता येत नाही. भोवतालच्या गावांचे माळ राहिले तरच तिथल्या हरणांना फिरायला जागा राहील.

तिसरा प्रश्न : माती आणि पाणी कसे आहे? माळाची माती वाहून खालचा मुरूम उघडा पडला, की पाऊस मुरत नाही, धावतो. ती माती शेवटी ओढ्यात आणि धरणात जाते. १९२८ साली पुरे झालेल्या भाटघरसारख्या जुन्या धरणांच्या पोटात बसणारा गाळ वरच्या डोंगरांवरूनच येतो.

चौथा प्रश्न : संसारातली माणसे जागेवर आहेत का? म्हणजे गवताच्या जाती, पाखरे, चरणारी जनावरे. पवन्या, मारवेल, डोंगरी ही गवते घरातल्या कर्त्या मंडळींसारखी. बारमाही, मुळे खोल, जनावराला पुष्ट करणारी. फार चराई झाली की ती मागे पडतात आणि कुसळी पुढे येते. आणखी बिघडले की तरोटा, गाजर गवत, घाणेरी. गाजर गवत परदेशी. १९५० च्या दशकात ते आपल्या पुण्यातच पहिल्यांदा लोकांच्या नजरेत भरले. घाणेरीही अमेरिकेकडून शोभेसाठी आणलेली. पाखरांचे पाहा. सोलापूरजवळ नान्नजला माळढोकासाठी १९७९ साली अभयारण्य झाले. आज तिथे गवत आहे, पण माळढोक दिसणे हीच बातमी होते. दिवाळीनंतर भोरवरून वरंध घाटाने कोकणात उतरणारे धनगरांचे कळपही या संसारातलेच. वाटेत माळ नसेल तर कळप येणार नाहीत आणि शेतात बसवायला मेंढ्याही मिळणार नाहीत.

पाचवा प्रश्न : असेच चालले तर पुढे कोसळण्याची शक्यता किती? हा हिशेब गणिताचा आहे, तो तज्ज्ञांवर सोपवू. आपल्याला चार प्रश्न पुरे.

आता यातली सर्वांत महत्त्वाची मेख. या प्रश्नांची सरासरी काढायची नाही. ज्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत वाईट, तोच निकाल. तीन पाय धड आहेत म्हणून लंगडा बैल कोणी धडधाकट समजून घेत नाही.

मोजायचे कसे?

माती परीक्षणाचा नमुना घेताना आपण शेतात नागमोडी चालतो, तसेच माळावर चाला. सोबत चार खुंट्या, चार मीटर सुतळी, एक खुरपे आणि मुलांची जुनी वही. गावातले एक वडीलधारे माणूस आणि शेळ्या राखणारी एखादी बाई बरोबर हवीच. गवत त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळते. हे काम आत्ता, गवत फुलोऱ्यात असताना करा. एरवी जाती ओळखू येत नाहीत.

दहा ठिकाणी थांबा. प्रत्येक ठिकाणी सुतळीने एक मीटर लांब, एक मीटर रुंद चौकट करा. आत किती भाग चांगल्या गवताने झाकला आहे, किती भागावर तण आहे आणि किती उघडा आहे, ते लिहा. खुरप्याने वीतभर खणून माती किती आणि मुरूम कुठे लागतो ते पाहा. जोराचा पाऊस झाला तर माळावरून उतरणारा ओहळ काचेच्या पेल्यात धरा, तासभर ठेवा आणि तळाला गाळ किती बसतो ते बघा.

मग ताडून पाहायला एक चांगला तुकडा शोधा. देवळामागची राखीव जागा, किल्ल्याचा उतार किंवा कोणी वर्षानुवर्षे सांभाळलेले खाजगी गवताचे रान. पूर्वी आपला माळ असा होता का, हे वडीलधाऱ्यांना विचारा. त्या मानाने चौकटीतला जवळजवळ सगळा भाग, म्हणजे पाचांत चार हिस्से, बिघडला असेल तर त्या ठिकाणी फुली मारा. दहांपैकी तीन फुल्या आल्या तर माळ असुरक्षित, पाच आल्या तर संकटग्रस्त, आठ आल्या तर अतिसंकटग्रस्त. हा ढोबळ हिशेब आहे, पण लाल यादीच्या पट्टीला धरून आहे. बिघाड किती भागाला आणि किती खोल, हे दोन्ही पाहायचे असते.

दरवर्षी त्याच ठिकाणी, त्याच महिन्यात मोजा. एका ठरावीक दगडावर उभे राहून मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा. पाच वर्षांनी तो वहीइतकाच उपयोगी पडेल.

मग औषध कोणते?

जिथे फुली नाही, तो भाग धड आहे. तिथे चर नको, खड्डे नकोत, नांगर नको. असलेली बोर, बाभूळ, खैर, पळस तेवढी राखा.

सगळ्या माळाचे चार भाग करा. आळीपाळीने दरवर्षी एक भाग बी गळेपर्यंत पूर्ण बंद ठेवा. बाकीच्या भागांतले गवत फुलोऱ्यात असतानाच कापा. बी धरल्यावर गवताचा कस उतरतो आणि वैरण काडीसारखी होते.

घाणेरी नुसती तोडू नका, पुन्हा फुटते. पावसाळ्यात जमीन ओली असताना, फळे पिकण्याआधी, मुळासकट काढा. तिचे बी पाखरे पसरवतात, म्हणून दोन-तीन वर्षे पाठपुरावा करावा लागतो.

जिथे फुल्या आल्या, तिथे मृगाच्या पावसानंतर मारवेलचे ठोंब लावा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने मारवेलचे सुधारित वाण दिलेले आहेत. पवन्याचे बी मात्र आपल्याच धड भागातून गोळा करा.

हिरवा कोंब लवकर फुटतो म्हणून सगळा डोंगर एकदम पेटवून देऊ नका. दिवाळीनंतर माळाच्या कडेने जाळरेषा काढून ठेवा.

आणि रोपे? ती परत पाठवू नका. शेताचे बांध, ओढ्याचा काठ, शाळेचे आवार, सोडून दिलेली मुरुमाची खाण, या जागा त्यांची वाटच पाहत आहेत. फक्त मागताना सांगा, की सुबाभूळ नको. आंबा, जांभूळ, करंज, कडुनिंब द्या.

शेवटी कागद. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी गावाच्या सामाईक जमिनी राखण्याबाबत स्पष्ट निकाल दिला आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असते. वहीतली मोजणी तिच्यात उतरवून घ्या. नोंद नसली की चांगला माळ कागदोपत्री पडीक ठरतो आणि पडीक जमीन मागायला दहा जण येतात.

त्या गावात काय झाले

फाट्यावर भेटलेल्या त्या दोघांबरोबर मी रविवारी त्यांच्या माळावर गेलो. सरपंचबाई आल्या, दोन म्हातारे आले आणि शाळेतली सात-आठ पोरे सुतळी धरायला आली. दहा चौकटी झाल्या. चार फुल्या पडल्या. सगळ्या फुल्या रस्त्याच्या कडेला आणि जुन्या खाणीजवळ. वरच्या अंगाला कमरेएवढा पवन्या उभा होता. एका म्हाताऱ्यांनी त्याचा तुरा हातात घेऊन म्हटले, "मला वाटलं, ह्यो आता ऱ्हायलाच न्हाई."

चार फुल्या म्हणजे माळ असुरक्षित आहे. पण अजून हातचा गेलेला नाही. रोपे खाणीत आणि रस्त्याच्या कडेला लावावीत, वरच्या अंगाला कुदळ लावू नये, असे माझे मत मी त्यांना सांगितले. ठराव करायचा तो ग्रामसभेने. त्या जमिनीची मालकी माझी नाही, माझ्या खात्याचीही नाही.

परत येताना मला १९९७ ची ती म्हातारी आठवली. तिच्या प्रश्नाचे उत्तर द्यायला मला इतकी वर्षे लागली. तुम्हाला तितकी लावायची गरज नाही. दोन ऑक्टोबरच्या सभेला अजून काही दिवस आहेत. सुतळी घरातच असेल.

आपल्या माळाची मोजणी केलीत तर फुल्या किती पडल्या ते मला पत्राने जरूर कळवा. पुढील अंकी भात निघाल्यावरच्या ओलीवर हरभरा कसा घ्यावा, ते पाहू.

कळावे.

आपला,
विस्तार अधिकारी (कृषी)